माध्यान्ह आहाराचा पैसा ताटापासून तिजोरीपर्यंत कसा शोधावा : गोव्यातल्या नव्या पालक-सदस्यांसाठी

नवं शालेय वर्ष सुरू झालं की पालक-शिक्षक संघाची पहिली सभा होते आणि नवी कार्यकारिणी निवडली जाते. त्यात एखादी आई किंवा बाप हमखास असा असतो, ज्याला माध्यान्ह आहाराबद्दल मनापासून काही करायचं असतं. पण पाव वातड होता, भाजी पाणीदार होती, परवा गाडी उशिरा आली, इथवरच बोलणं होतं आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. या आहारावर सरकार किती खर्च करतं, तो पैसा कुणाच्या हातातून जातो आणि कुठे अडकतो, हे विचारायचं राहून जातं. विचारायचं कसं, हेच ठाऊक नसतं.

अशा नव्या सदस्यांसाठी हे लिहितो आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर आलेले पालक, पहिल्यांदा निवडून आलेले पंच आणि तालुक्यातून बातम्या देणारे तरुण पत्रकार यांनाही याचा उपयोग होईल. सुरुवातीलाच एक सांगतो. बहुतेकजण बजेटच्या कोटींच्या आकड्यापासून सुरुवात करतात आणि त्यातच हरवतात. तुम्ही एका मुलाच्या ताटापासून सुरुवात करा आणि तिथून वर जा. ताटांची संख्या हातात असली, की वरच्या प्रत्येक आकड्याला प्रश्न विचारता येतो.

आधी हक्क, मग हिशेब

माध्यान्ह आहार ही सरकारची मेहेरबानी नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ५ नुसार सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलांना, शाळेची सुट्टी सोडून रोज एक वेळचं मोफत जेवण मिळायलाच हवं. त्याआधी २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना शाळेत शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला होता. कायद्याखालचे माध्यान्ह आहार नियम २०१५ साली आले. सप्टेंबर २०२१ मध्ये योजनेचं नाव ‘पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण’, म्हणजे रोजच्या बोलण्यात ‘पीएम पोषण’, असं झालं आणि बालवाटिकेतली, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातली, मुलंही तिच्यात आली. शाळेत अजून सगळे ‘मिड-डे मील’च म्हणतात. कागदांवर मात्र दोन्ही नावं सापडतात, म्हणून शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

२०१५ च्या नियमांतल्या तीन तरतुदी नव्या सदस्याला तोंडपाठ हव्यात. धान्य संपलं, पैसे आले नाहीत किंवा स्वयंपाकी आला नाही म्हणून एखाद्या दिवशी जेवण मिळालं नाही, तर मुलाला त्याच्या वाट्याचं धान्य आणि शिजवण्याचा खर्च ‘अन्नसुरक्षा भत्ता’ म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळालं नाही, तर राज्य सरकारने जबाबदारी निश्चित करायची आहे. आणि तात्पुरता पैसा किंवा धान्य संपलं, तर मुख्याध्यापकांना शाळेतला दुसरा उपलब्ध निधी वापरून आहार चालू ठेवण्याची मुभा आहे. तो निधी नंतर भरून मिळतो. ही तिसरी तरतूद फार थोड्या मुख्याध्यापकांनी वापरलेली माझ्या पाहण्यात आहे. नंतर लेखापरीक्षणात आक्षेप येईल, ही भीती असते. पालक संघाने तसा ठराव करून दिला, तर त्यांना आधार मिळतो.

एका ताटाची किंमत

आता मुख्य गोष्ट. ताटातलं अन्न दोन वाटांनी येतं आणि त्या दोन वाटा मनात वेगळ्या ठेवायला हव्यात.

पहिली वाट धान्याची. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतं. याचा सगळा खर्च केंद्र सरकार करतं, गोदामातून शाळेपर्यंतच्या वाहतुकीचाही. राज्याला किंवा अन्न शिजवणाऱ्या महिला बचतगटाला धान्याचे पैसे मोजावे लागत नाहीत.

दुसरी वाट रोख पैशाची. डाळ, भाजी, तेल, मसाले आणि इंधन या पाच गोष्टींसाठी प्रत्येक ताटामागे ठरावीक रक्कम मिळते. तिला ‘साहित्य खर्च’ म्हणतात. जुन्या कागदांत ‘शिजवण्याचा खर्च’ असा उल्लेख असतो. १ मे २०२५ पासून बालवाटिका ते पाचवीसाठी ती ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे आहे. त्याआधी, १ डिसेंबर २०२४ पासून हे दर ६.१९ आणि ९.२९ होते, तर ऑक्टोबर २०२२ पासून ५.४५ आणि ८.१७. गोव्यासारख्या राज्यात या रकमेचे ६० टक्के केंद्र देतं आणि ४० टक्के राज्य. म्हणजे ६.७८ मध्ये केंद्राचे ४.०७ आणि राज्याचे २.७१.

हे ४० टक्के राज्याने द्यायचा किमान वाटा आहे. त्याहून जास्त घालायला राज्य मोकळं आहे आणि अनेक राज्यं घालतातही. म्हणून तुमच्या शाळेला लागू असलेला दर पाहायचा तर शिक्षण संचालनालयाचं त्या वर्षीचं दरपत्रक मागवा. केंद्राच्या दराहून त्यात जेवढं जास्त असेल, तेवढी गोव्याने स्वतःच्या खिशातून घातलेली भर. ती किती आहे आणि शेवटची कधी वाढली, हे दोन्ही टिपून ठेवा, पुढे लागेल.

या पैशात काय बसायला हवं तेही ठरलेलं आहे. लहान मुलाला रोज २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. मोठ्याला ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. सगळं मिळून लहान मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्याला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा दंडक आहे. केंद्राच्या हिशेबाने धान्यासकट सगळे घटक धरले तर एका ताटाचा खर्च लहान मुलामागे सुमारे १२ रुपये १३ पैसे आणि मोठ्यामागे १७ रुपये ६२ पैसे पडतो. सभेत कुणी म्हणालं, ‘सात रुपयांत काय मिळणार?’, तर हा पूर्ण आकडा पुढे ठेवा. आणि कुणी म्हणालं, ‘सतरा रुपये मिळतात, मग एवढंच का वाढता?’, तर त्यातला मोठा भाग तांदळाच्या रूपात येतो, बचतगटाच्या खात्यात जमा होत नाही, हेही सांगा.

गोव्यातली एक खास अडचण इथे बोलायला हवी. आपल्याकडे मुलांना पाव-भाजी आवडते, ती वाटायला सोपी जाते आणि मधल्या सुट्टीच्या थोड्या वेळात पटकन संपते. पण पाव विकत आणावा लागतो. तांदूळ फुकट येतो, पावाचे पैसे मात्र डाळ-भाजीच्या त्याच तुटपुंज्या रकमेतून जातात. पावाच्या दिवशी उसळ पातळ होते, यामागे दर वेळी कुणाची लबाडी असते असं मानू नका, बेरीजच तशी आहे. म्हणून आठवड्याचा मेनू हा खर्चाचा कागद समजून वाचा. पुलावाचे दिवस किती, पावाचे किती, उसळ किती दिवस, त्यावर पैसा कुठे जातो ते कळतं. पावसाळ्यात घाट बंद पडले की बेळगावहून येणारी भाजी महागते, चवथीच्या आधी तर सगळंच महागतं. दर मात्र त्या महागाईबरोबर हलत नाही.

तुमच्या शाळेचा एक महिना कागदावर मांडा

यापुढचं काम एका संध्याकाळी होण्यासारखं आहे. मुख्याध्यापकांना विनंती करून मागच्या एका महिन्याची आहार-नोंदवही पाहा. तिच्यात रोज किती मुलं हजर होती आणि किती जेवली, याची नोंद असते. पटावरची संख्या, हजेरी आणि जेवलेल्यांची संख्या हे तीन वेगळे आकडे आहेत. बिल जेवलेल्यांच्या संख्येवर निघतं.

समजा सत्तरीतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीच्या पटावर ४६ मुलं आहेत, रोज सरासरी ४१ जेवतात आणि महिन्यात २१ दिवस आहार झाला. म्हणजे ८६१ ताटं. ६.७८ ने गुणलं की ५,८३७ रुपये ५८ पैसे. त्यात केंद्राचे ३,५०४.२७ आणि राज्याचे २,३३३.३१. तांदूळ ८६ किलो १०० ग्रॅम लागायला हवा, डाळ सव्वासतरा किलोच्या आसपास, भाजी ४३ किलो, तेल चार किलोच्या थोडं वर. हे मांडून झालं, की सहा हजारांच्या आत महिनाभराची डाळ, भाजी, तेल आणि गॅस बसवणाऱ्या बायकांबद्दल तुमचं मत बदलेल. माझं बदललं.

आता एक मोठी अनुदानित शाळा घेऊ. आपल्याकडे प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि पाचवीची मुलं हायस्कूलच्या इमारतीत बसतात. आहाराच्या दरात मात्र पाचवी प्राथमिकमध्येच मोजली जाते. नवखे सदस्य इथे हमखास गोंधळतात. समजा पाचवीची ६५ मुलं आणि सहावी ते आठवीची १९० मुलं रोज जेवतात आणि महिन्यात २२ दिवस आहार झाला. पाचवीची १,४३० ताटं ६.७८ ने, म्हणजे ९,६९५ रुपये ४० पैसे. सहावी ते आठवीची ४,१८० ताटं १०.१७ ने, म्हणजे ४२,५१० रुपये ६० पैसे. एकूण ५२,२०६ रुपये. पाचवीलाही मोठ्यांचा दर लावला गेला, तर एका महिन्यात ४,८४७ रुपये ७० पैसे जास्त निघतात. उलट सगळ्यांना लहान दर लावला, तर बचतगटाचं मोठं नुकसान होतं. बिल पाहताना पाचवीची ओळ वेगळी आहे का, एवढं नक्की बघा.

स्वयंपाक आणि वाढपासाठी मानधन वेगळं असतं. केंद्राच्या निकषाने २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन आणि पुढच्या प्रत्येक १०० मागे आणखी एक मदतनीस; महिन्याला १,००० रुपये, वर्षातले दहा महिने. यातले ६०० केंद्राचे आणि ४०० राज्याचे. राज्य यात भर घालू शकतं. एवढ्या श्रमाला एवढं मानधन देणं लाजिरवाणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे आणि पालक संघांनी ते प्रत्येक निवेदनात लिहावं.

बिल शाळेतून निघाल्यावर

गोव्यात बहुतेक ठिकाणी अन्न शाळेच्या आवारात शिजत नाही. महिलांचे स्वयंसाहाय्य गट, म्हणजे वर आलेले बचतगट, आणि महिला मंडळं आपल्या स्वयंपाकघरात ते करतात आणि रिक्षाने किंवा टेंपोने शाळांत पोचवतात. एक गट अनेक शाळांना आहार देतो. महिना संपला की गट बिल करतो, मुख्याध्यापक ताटांची संख्या बरोबर असल्याचा दाखला देतात, आणि ते कागद साधारणपणे तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाकडे जातात. तिथे छाननी होते, मंजुरी मिळते आणि रक्कम गटाच्या बँक खात्यात जमा होते.

या वाटेवर प्रत्येक टप्प्याची एक तारीख असते. माझ्या अनुभवाने या सगळ्या प्रकरणात रकमांपेक्षा तारखा जास्त बोलतात. पाच तारखा शोधा : बिल शाळेत कधी दिलं, मुख्याध्यापकांनी सही कधी केली, तालुका कार्यालयातून पुढे कधी गेलं, संचालनालयाने मंजूर कधी केलं आणि पैसे कधी जमा झाले. कुठल्या दोन तारखांमधलं अंतर वाढतंय ते पाहिलं की पैसा कुठे थांबतो ते कळतं. कधी कधी तो तुमच्याच शाळेच्या कपाटात थांबलेला असतो. मग सरकारला पत्र लिहायच्या आधी घरचं काम करावं.

उशिराचा अर्थ काय होतो ते वरच्याच उदाहरणावर पाहा. त्या एका हायस्कूलचं महिन्याचं बिल ५२,२०६ रुपये. तीन महिने पैसे आले नाहीत, तर गटाचे दीड लाखाहून जास्त रुपये अडकले, आणि गटाकडे अशा चार शाळा असतील तर किती, ते तुम्हीच मोजा. त्या काळात किराणावाला उधारी बंद करतो, गॅस उसनवारीवर येतो, गटातली एखादी बाई कानातलं गहाण ठेवते. असा गट मला ठाऊक आहे. अशा वेळी भाजी पातळ झाली तर गटाला नोटीस जाते, पैसे उशिरा दिल्याची नोटीस मात्र कुणालाच जात नाही. पालक म्हणून आपण आहाराच्या दर्जावर बोलायलाच हवं, पण बोलण्याआधी गटाला शेवटचे पैसे कधी मिळाले हे विचारायची शिस्त लावून घ्या.

उशीर कधी होतो यालाही एक लय आहे. नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, तरतूद खाली उतरायला वेळ लागतो आणि केंद्राचा हप्ता मंजुरीनंतरच येतो. केंद्र पैसा एकरकमी देत नाही. २०२१ पासून राज्याने योजनेसाठी एकच मध्यवर्ती खातं ठेवायचं, केंद्राचा आणि राज्याचा वाटा त्याच खात्यात घालायचा, आणि आधीच्या हप्त्यातले ७५ टक्के खर्च झाल्याशिवाय पुढचा हप्ता मागायचा नाही, अशी पद्धत आली. राज्याने आपला ४० टक्के वाटा वेळेत घातला नाही, किंवा आधीच्या खर्चाचा हिशेब दिला नाही, की पुढचा हप्ता अडतो. म्हणून ‘केंद्राकडून पैसे आले नाहीत’ असं उत्तर मिळालं, तर तिथे थांबू नका. राज्याने आपला वाटा खात्यात कधी घातला आणि खर्चाचा दाखला कधी पाठवला, हे दोन प्रश्न लगेच विचारा.

बजेटची पुस्तकं कशी उघडायची

गोव्याचं बजेट साधारण मार्चमध्ये पर्वरीच्या विधानसभेत मांडलं जातं. भाषण वाचून फारसं हाती लागत नाही. अनुदानाच्या मागण्यांचं जे जाडजूड पुस्तक असतं, ते उघडा. अर्थ खात्याच्या संकेतस्थळावर ते मिळतं. त्यात शालेय शिक्षणाची मागणी, तिच्यात २२०२ हे ‘सामान्य शिक्षण’ मुख्य शीर्ष (शीर्ष म्हणजे खर्चाचा ठरावीक क्रमांक असलेला कप्पा), त्याखाली ०१ म्हणजे प्राथमिक शिक्षण आणि त्याखाली ११२ हे माध्यान्ह आहाराचं शीर्ष शोधा. सगळा पैसा एकाच ओळीत असेल असं समजू नका. अनुसूचित जातींसाठीचा हिस्सा ७८९ खाली आणि अनुसूचित जमातींसाठीचा ७९६ खाली दाखवायची पद्धत आहे, पोषणाचं २२३६ हे शीर्षही पाहून घ्यावं. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि राज्याची जादा भर यांच्या ओळीही वेगळ्या असू शकतात. आकडे लाखांत असतात. मोबाइलवर वाचताना एक शून्य इकडचं तिकडे होतं, म्हणून वहीवर उतरवून घ्या.

प्रत्येक ओळीपुढे चार रकाने दिसतील : दोन वर्षांपूर्वी खरोखर झालेला खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. वर्तमानपत्रात चौथा रकाना येतो, अभ्यास मात्र पहिल्याचा करा. दोन-तीन वर्षांची पुस्तकं शेजारी ठेवून एकाच वर्षाचा मूळ अंदाज आणि खरा खर्च यांची तुलना करा. अंदाज मोठा आणि खर्च लहान असेल, तर पैसा होता पण पोचला नाही. खर्च अंदाजाच्या वर गेला असेल, तर तरतूदच कमी होती आणि वर्षाच्या मध्ये पूरक मागण्या आणाव्या लागल्या असतील. या दोन दुखण्यांवरचे उपाय वेगळे आहेत. शिवाय भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक दर वर्षी राज्याचे विनियोजन लेखे प्रसिद्ध करतात. न वापरलेली रक्कम आणि तिची खात्याने दिलेली कारणं त्यात असतात. कंटाळवाणी पुस्तकं आहेत, पण खरी आहेत.

दिल्लीचाही एक कागद फार कामाचा आहे. दर वर्षी राज्य आपली वार्षिक योजना आणि अंदाजपत्रक केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाकडे पाठवतं आणि कार्यक्रम मंजुरी मंडळ त्यावर बैठक घेतं. त्या बैठकीचं इतिवृत्त पीएम पोषणच्या संकेतस्थळावर राज्यनिहाय ठेवलेलं असतं. गोव्यासाठी किती मुलं आणि किती दिवस मंजूर झाले, मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती मुलं जेवली, धान्य किती उचललं, मदतनीस किती, हे सगळं त्यात येतं. मंजूर दिवस आणि तुमच्या शाळेत झालेले दिवस यांची तुलना करा. मोठी तफावत असेल, तर तो तुमचा पहिला प्रश्न.

माहिती मागायची तर

माहिती अधिकाराचा अर्ज करायला वकील लागत नाही. गोव्यात तो मराठीतही देता येतो. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगायचं बंधन नाही आणि विचारलं तरी सांगू नका. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील आणि तिथेही न्याय मिळाला नाही, तर ९० दिवसांत पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

अर्ज फसतो तो प्रश्नामुळे. ‘बिलांना उशीर का होतो?’ असं विचारलंत तर उत्तर येईल की असा कोणताही अभिलेख उपलब्ध नाही. कारण मागू नका, कागद मागा. साधारण असं लिहा :

‘अमुक तालुक्यातील शाळांना एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात माध्यान्ह आहार पुरवणाऱ्या प्रत्येक स्वयंसाहाय्य गटाबाबत महिन्यानुसार पुढील माहितीच्या प्रती द्याव्यात : बिलाची तारीख, बिलातील ताटांची इयत्तानिहाय संख्या, लागू केलेला दर, मंजुरीची तारीख, अदा केलेली रक्कम व अदा केल्याची तारीख. तसेच त्या वर्षी लागू असलेल्या दरांच्या परिपत्रकाची प्रत आणि राज्याचा वाटा मध्यवर्ती खात्यात जमा केल्याच्या आदेशांच्या प्रती द्याव्यात. मूळ नोंदींचे निरीक्षण करण्याचीही परवानगी मिळावी.’

शेवटचं वाक्य विसरू नका. कायद्याने प्रतीसोबत पाहणीचाही हक्क दिला आहे आणि कचेरीत बसून नोंदवही चाळताना जे दिसतं ते टाइप केलेल्या उत्तरात येत नाही. गटातल्या बायकांचे बँक तपशील, फोन नंबर मात्र मागू नका. त्यांची गरज नाही, आणि त्यावर बोट ठेवून पूर्ण अर्ज फेटाळला जातो.

याहून सोपी वाट आपल्या छोट्या राज्यात आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. आमदार विधानसभेत तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे) आणि अतारांकित (लेखी उत्तर मिळणारे) प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं परिशिष्टांसह विधानसभेच्या संकेतस्थळावर ठेवली जातात. अधिवेशनाच्या आधी आपल्या आमदारांना वरचाच मजकूर प्रश्नाच्या रूपात द्या. आपल्याकडे आमदार भेटायला मुंबई-दिल्लीसारखे दिवस घालवावे लागत नाहीत. कुठल्या तरी जत्रेत, लग्नात भेटतातच. मतदारसंघ छोटा, शाळा मोजक्या, त्यामुळे उत्तरही नेमकं येतं. कुणी आधीच असा प्रश्न विचारलेला असू शकतो, म्हणून आधी जुनी उत्तरं शोधा.

आकडे हातात आल्यावर

घाईने आरोप करू नका. कागदात विसंगती दिसली की तो घोटाळाच, असं नसतं. जेवलेल्यांची संख्या रोज पटाएवढीच, कधी एकानेही कमी नाही, असं महिनोन् महिने दिसलं तर ते खटकायला हवं. पावसाळ्यात, तापाच्या साथीत, शिगम्याच्या दिवसांत हजेरी हलतेच. तांदळाचा साठा वाढत चालला आणि ताटांची संख्या तीच राहिली, तर एक कारण पावाचे जास्त दिवस हे असू शकतं; ते मेनूशी ताडून पाहा. मार्चमध्ये एकाच महिन्यात वर्षाच्या मोठ्या भागाची बिलं निघाली, तर बायकांनी मधले महिने उधारीवर काढले असा त्याचा अर्थ होतो. आणि जेवण न झालेल्या दिवसांचा अन्नसुरक्षा भत्ता कुठल्याच ओळीत दिसला नाही, तर तो मुलांच्या हक्काचा पैसा आहे, तो मागा.

दर्जाबद्दल शंका असेल, तर वेगळी वाट घ्या. वाढण्याआधी शिक्षकाने अन्न चाखायचं, हा नियम आहे; चाखल्याची नोंद पाहा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुने तपासायचीही तरतूद आहे. गोव्यात अन्न व औषध प्रशासन बांबोळीला आहे. पीएम पोषणमध्ये सामाजिक लेखापरीक्षण बंधनकारक आहे. तुमच्या तालुक्यात ते शेवटचं कधी झालं आणि अहवाल कुठे आहे, हे विचारायला तुम्हाला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

बोलताना क्रम पाळा. पहिल्यांदा मुख्याध्यापक, मग गटाच्या महिला, त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन, चहा घेत. पुष्कळ प्रश्न तिथेच उलगडतात. त्यानंतर पालक संघाचा लेखी ठराव भागशिक्षणाधिकाऱ्यांना. एक महिन्यात हालचाल नाही दिसली, तर शिक्षण संचालकांना, प्रत आमदारांना. ग्रामसभेत विषय मांडायला हरकत नाही, पण पंचायतीच्या हातात हा पैसा नसतो; तिथे ठराव घ्या, भांडण नको. शिक्षकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. नोंदवह्या, चाखणं, दाखले हे त्यांच्यावर लादलेलं जादाचं काम आहे आणि पुढच्या वर्षी नोंदवही दाखवायची की नाही, हे त्यांच्याच मनावर असतं.

निवेदन कधी द्यायचं हेही महत्त्वाचं. राज्याची वार्षिक योजना आणि बजेट दोन्ही वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आकार घेतात, म्हणून दरवाढीची किंवा मानधनवाढीची मागणी डिसेंबर संपायच्या आत पर्वरीला पोचली पाहिजे. सोबत तुमच्या शाळेचा एका महिन्याचा हिशेब जोडा, वर मांडला तसा : ताटं, दर, रक्कम, बाजारभावाने आलेला खरा खर्च आणि पैसे जमा झाल्याची तारीख. आजूबाजूच्या चार-पाच शाळांच्या संघांनी एकाच नमुन्यात तो दिला, तर संचालनालयातल्या माणसालाही वर पाठवायला तयार कागद मिळतो.